आक्काचा काढा

आक्कानं मला किडनी दिली तेव्हापासून आमच्या गल्लीचं घड्याळ मीच. सकाळी आठ आणि रात्री आठ, माझ्या मोबाइलचा गजर असा कोकलायचा की तिकडं लिंबागणेशाच्या देवळात पुजारी कानावर हात ठेवी. कोंबडे तर आरवायचेच थांबले. थोडं वाढवून सांगतोय. पण गोळी कधी चुकली नाही, हे देवाशपथ खरं. लग्नाची पंगत असो की मयत, आठ वाजले की गोळी.

डॉक्टरांनी समजावलं होतं, "शरीराला ही किडनी परकी वाटते. ते तिच्यावर तुटून पडू नये म्हणून या गोळ्या तुमची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवतात. विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नको." मला लगेच पटलं. बाहेरचा उमेदवार आमच्या गावात उभा राहिला की काय होतं, ते मी बघितलंय.

आक्का शेजारीच बसलेली. माझी थोरली बहीण, कडा गावाजवळ दिलेली. तिनं त्यातलं एकच धरलं: भावाची प्रतिकारशक्ती कमी हाय. करोनात अख्ख्या गावानं गुळवेल उकळून पिलेली, आणि हिच्या बांधावरच्या लिंबावर हत्तीच्या सोंडेएवढी गुळवेल! दर आठवड्याला प्लास्टिकच्या बाटलीत हिरवा काढा घेऊन ती एसटीनं हजर.

"पी. नाक दाबून पी."

"आक्का, हे पिऊन रेडा बी संन्यास घेईल."

"रेड्याला न्हाई दिली म्या किडनी. पी म्हन्ते ना!"

प्यालो. बांधावरच्या वेलीला औषध कोण म्हणतं? डॉक्टरांना विचारावं असं मनातसुद्धा आलं नाही.

मग लघवी कमी झाली. पाय असे सुजले की चपलांनी राजीनामा दिला. दवाखान्यात किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला. शरीरानं ती नाकारायला घेतली होती. गोळ्यांशिवाय काय घेता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गुळवेल सांगितली. ते म्हणाले,

"तिच्यानं प्रतिकारशक्ती चेतते. त्यामुळंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही. पण तुम्हाला ती नकोच होती."

सलाईनमधून जबरी औषधं झाली. उपयोग नाही. शेवटी डायलिसिसची तयारी ठेवा म्हणाले.

आक्का बाहेर बाकड्यावर बसली होती.

"काय म्हन्ले?"

उमापूरच्या बाजारात म्हैस सायकल चालवताना पाहिली, असं चारचौघांत शपथेवर सांगणारा मी माणूस. पण दिलेली किडनी तिच्याच काढ्यानं गेली असेल, हे कुठल्या तोंडानं सांगू?

"कवा कवा अंग घेतच न्हाई म्हने. नशीब आपलं."

ती पदराचं टोक पिळत राहिली. "मंग माजी दुसरी हाय की."

"येडी का तू? तू कशावर जगशील?"

"मला काय करायचंय आता."

"घेत न्हाईत आक्का तसं. कुनीच घेत न्हाई."

मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. मग एसटीच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता वळली.

"लई हयगय झाली माजी. आठवड्यातनं एकदा म्हंजी काय पुरतंय? आता एक दिसाआड आनते. कसा न्हाई गुन येत, बघते!"

"बरं आक्का," मी म्हणालो.