ड्रिलबाईंची सोंडेची वाट

ड्रिलबाई माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलल्या नाहीत. आधी पाय बघायच्या. पाय कसा पडतो त्यावरून माणसाला नाव द्यायच्या, आणि ते नाव मग सुटायचं नाही. शाळेत त्या आम्हाला ड्रिल शिकवत. निवृत्त झाल्यावर त्याच मुलींना, म्हणजे एव्हाना गुडघे चोळत बसलेल्या बायकांना, त्यांनी दर रविवारी डोंगरात न्यायला सुरुवात केली. आमच्यातली एक दातांची डॉक्टर, तिला त्या ‘बदक’ म्हणत. मला ‘भरलेली एस.टी.’ “वळायच्या आधी हॉर्न दे गं, माणसं मरतील,” हे त्यांनी मला कोल्हापुरात भर मंगळवार पेठेत, भाजीवालीसमोर ऐकवलं होतं.

त्या वेळची मी म्हणजे नमुनाच होते. नुकतीच आजी झाले होते आणि ते चालीवरून कळू नये म्हणून राजारामपुरीतून जांभळे बूट आणले होते. दोन हातांत दोन काठ्या, मोबाइलात नकाशा. जोतिबाला एकदा पायऱ्यांनी चढले होते, उतरले जीपने, आणि तेवढ्या भांडवलावर शेजारणींना सह्याद्री समजावून सांगत असे. बाईंनी बूट बघितले. “वांगी कुठनं आणलीस?” एवढंच विचारलं. दुसऱ्या रविवारपासून सगळ्याजणी माझ्या बुटांना देठ शोधायला लागल्या.

कीव त्यांना येत नसे. नवरा गेल्यावर एक बाई पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली. आम्ही तिच्याशी हळू आवाजात बोलत होतो, तिची पिशवी धरत होतो. अर्ध्या चढावर ती रडायला लागली. बाई मागे न बघता म्हणाल्या, “रडायचं तर चढावरच रडून घे. उताराला डोळं पुसायला हात मोकळा ऱ्हात न्हाय.” आम्ही जीभ चावली. त्या बाईने मात्र बाईंना एक सणसणीत शिवी दिली आणि स्वतःच हसली. कितीतरी दिवसांनी हसली असावी.

खेड्यात वाट कशी विचारायची याचाही त्यांचा कायदा होता. “‘वाट जातीया का’ असं कधी विचारू नगा. आपल्याकडचा माणूस पावण्याला न्हाय म्हणत न्हाय. ‘जातीया की’ म्हणतोय आणि म्हशी घिऊन निघून जातोय. मग तुम्ही हिंडा रानात. त्याला म्हणायचं, तू शेवटचा कधी गेलतास?”

एवढ्या डोंगरांत बाईंच्या मनात जागा एकच होती, घाटमाथ्यावरची गव्याची खिंड. बाईंची आई कोकणातली. लग्न झाल्यावर ती चालत याच खिंडीतून वर आली आणि पुन्हा माहेरी गेली नाही. सासरच्यांनी पाठवलंच नाही. मुलांना ती सांगायची, “खिंडीत वळून बघितलं तेव्हा खाली आमचं घर दिसत होतं आणि अंगणात माझी आई उभी होती.” “एवढ्या उंचावरनं अंगणातली बाई दिसतीया व्हय?” ड्रिलबाई म्हणत. “आई थापाडी. पण घर तरी दिसतंय का, तेवढं मला मरायच्या आधी बघायचंय.”

खिंडीची जुनी वाट धरणाच्या पाण्याखाली गेली होती. आता वाट अशी नव्हतीच, ती आपली आपण निवडायची होती. दिवाळीनंतर आम्ही पाचजणी निघालो. शेवटच्या धनगरवाड्यावरून समोर दोन उपाय दिसत होते. एक ओढा: कोरडा, गार सावलीचा, नीट खिंडीच्या दिशेने वर गेलेला. दुसरी सोंड, म्हणजे डोंगरावरून खाली उतरलेली लांब धार: उन्हात भाजलेली आणि डोक्याएवढ्या उंच कारवीच्या झुडपांनी गच्च भरलेली. बाई दोन्हींकडे बराच वेळ बघत राहिल्या.

“सोंडेनं,” म्हणाल्या.

“का ओ बाई? ओढा किती छान आहे!” बदक कळवळली.

“छानच असतोय. गोड बोलून वर नेतोय आणि कड्याखाली हुभा करतोय. पावसाळ्यात पाणी जिथनं उडी मारतंय, तिथनं तू उलटी उडणार हाईस का? सोंड अंग फाडती, पण चढताना तिला माथ्याबिगर दुसरीकडं जायाला जागाच नसती.”

बदक तरातरा एका म्हाताऱ्याकडे गेली. “मामा, ओढ्यानं खिंडीत जाता येतं न्हवं?”

“जातंय की, पावणं!” म्हातारा आनंदाने म्हणाला आणि म्हशी हाकत निघून गेला.

बाई इतक्या मोठ्यांदा हसल्या, की धनगराची कुत्री भुंकायला लागली. तिघीजणी ओढ्याने गेल्या. मी बाईंबरोबर गेले. निष्ठा वगैरे काही नव्हती. बाई बुटक्या, त्यामुळे फोटोत त्यांच्याशेजारी मी गिर्यारोहक दिसत असे.

कारवीत शिरल्यावर फोटोचा विषय संपला. तोंडाला कोळिष्टकं, मानेत काटक्या, पायाखाली काय आहे ते दिसत नाही. एक काठी कुठेतरी अडकून राहिली, दुसरी मीच रागाने भिरकावली. “बरं केलंस,” पुढून आवाज आला, “एस.टी.ला जास्तीची चाकं कशाला?” मी रडकुंडीला येऊन म्हणाले, “बाई, जरा थांबूया.”

“थांब की. मी येताना घेतो तुला.” आम्हा कोल्हापूरच्या बायकांसारखं त्याही ‘येतो, जातो’च म्हणत.

कारवी संपली आणि वर खिंडीची खाच दिसली. अगदी हाकेवर. तिथे बाईंचा गुडघा बसला. त्या उठल्या, कोसळल्या. पुन्हा उठल्या, पुन्हा कोसळल्या. मी हात दिला तो झटकला. मग बसूनच, हातांनी अंग ढकलत, थोडं वर सरकल्या. तळहात सोलले. शेवटी एका दगडाला टेकल्या.

“बघत काय ऱ्हायलीस? जा वर. देवळाशेजारी तळं हाय, तळ्याच्या काठाला घर. दिसतंय का बघ. आणि येऊन वर्णन करू नगो, दिसतंय का न्हाय तेवढंच सांग.”

खिंडीत वारा उभं राहू देत नव्हता. खाली कोकण पसरलं होतं. मी या टोकाला गेले, त्या टोकाला गेले, दगडावर चढून बघितलं. डावीकडची एक धार नेमकी आडवी आली होती. मोबाइलातल्या नकाशाने आयुष्यात एकदाच काम केलं: गाव त्या धारेच्या पलीकडे होतं. तळं नाही, देऊळ नाही, एक कौलसुद्धा नाही.

“न्हाय दिसत, बाई,” मी खाली येऊन म्हणाले.

“नीट बघितलंस?”

“व्हय. मधी डोंगर येतोय.”

“कुठल्याच कोपऱ्यातनं?”

“न्हाय.”

त्यांनी गवताची एक काडी उपटून मोडली. “म्हंजे तिनं वळून बघितलं आणि तिला डोंगर दिसला,” त्या म्हणाल्या. “आणि आम्हा पोरांना अंगण सांगत बसली.”

ओढ्यावाल्या तिघी कड्याला नाक लावून परत फिरल्या होत्या. मी फोन केल्यावर त्यांनी धनगरवाड्यावरची माणसं आणली आणि बाईंना घोंगड्याच्या झोळीत घालून खाली नेलं. झोळीतून सगळी वाट हुकूम चालू होता: “डावा-उजवा! पाय मिळवा, मेल्यांनो!”

त्यानंतर बाई घराबाहेर पडल्या नाहीत. मी भेटायला जात असे. एकदा शेजारणी जमल्या होत्या आणि बाई सांगत होत्या, “खिंडीतनं आईचं घर अजून दिसतंय. तळं, देऊळ, अंगण, सगळं. ही डोळ्यानं बघून आलीया. सांग गं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“दिसतंय,” मी म्हणाले.

मग प्रत्येक भेटीत ही साक्ष, आणि प्रत्येक साक्षीला अंगणात नवीन काहीतरी. विहीर आली, आंबा आला, गोठा आला. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “तुळस दिसली का गं?” मी मुद्दाम म्हणाले, “दिसली, पण वाळलीया.” माझ्या हातातला चहाचा कप त्यांनी परत आत पाठवला.

बाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. दिवस झाल्यावर बाईंची पुण्याची भाची माझ्याकडे आली. दणकट पोरगी, पायात बूटही बरे होते. “काकू, खिंडीतून आजीचं माहेर दिसतं ना? मला तिथून फोटो काढायचाय. मोठा करून मावशीच्या फोटोशेजारी लावणार.” तिने मोबाइल पुढे केला. पडद्यावर ओढाही होता आणि सोंडही. “कुठून जाऊ?”

त्या पोरीला सोंडेने काही जड गेलं नसतं. मी चष्मा लावला, पडदा लहान-मोठा करून नीट बघितल्यासारखं केलं आणि ओढ्यावर बोट ठेवलं.

“इकडनं जा,” मी म्हणाले. “सावली हाय.”