स्वस्त लॅपटॉप आणि चिमूटभर कुंकू

माझ्या हातून घडलेली एक चूक मी चार वर्षे पत्नीच्या नावावर खपू दिली. ती तिने केलेली नव्हती हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ती स्वतःला दोष देत राहिली, मुलगी तिला दोष देत राहिली आणि मी मुलुंडच्या त्याच दोन खोल्यांत, त्या दोघींच्या मध्ये बसून, वर्तमानपत्र वाचत राहिलो. हे लिहिणे सोपे नाही. तरी क्रमाने सांगतो.

मुलगी त्या वेळी संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला लॅपटॉप हवा होता. पैसे नव्हते असे नाही. चांगल्या यंत्रासाठी आम्ही रक्कम बाजूला ठेवली होती. परंतु त्याच महिन्यात आमच्या कार्यालयात माणसे कमी करणार असल्याची कुजबुज सुरू झाली. माझ्यासमोरच्या टेबलावरचे गृहस्थ एका सोमवारी आले नाहीत, आणि त्यांच्या खुर्चीवर बुधवारी कुणीतरी फायलींचा गठ्ठा आणून ठेवला. पुढची खुर्ची माझीच, असे त्या गठ्ठ्याकडे पाहताना वाटले, आणि तेच मनात घेऊन मी संध्याकाळी घाटकोपरच्या एका लॅपटॉपच्या दुकानात शिरलो.

काउंटरवर एक पन्नाशीच्या बाई होत्या, दुकान त्यांचेच. मी सर्वांत स्वस्त यंत्राकडे बोट दाखवले. मोठ्या फोनच्या किमतीत तीन येतील असे ते होते. बाईंनी ते काढून दाखवले, पण विकण्याची घाई केली नाही. कोणासाठी हवा, काय काम करणार, हे विचारून घेतले आणि मग स्वच्छ सांगितले, "काका, हा बघायचा लॅपटॉप आहे, कामाचा नाही. रिक्षाचं इंजिन लावून बस चालवायची म्हटलं तर चढावर काय होणार?"

पुढे त्यांनी सगळे समजावले. यात साठवण्याची जागा अगदी थोडी असते. निम्मी जागा यंत्राची स्वतःची व्यवस्थाच खाते. पुढे वाढवू म्हटले तर वाढत नाही, कारण सगळे आतल्या बोर्डावरच पक्के डकवलेले असते. मोठा अपडेट आला की याचा श्वास कोंडतो. घेणारच असाल तर दर आठवड्याला चालू करून जुने पुसत राहा, दोन-तीन दिवस बंद ठेवून एकदम महत्त्वाच्या कामाला बसू नका. मी मान डोलावत होतो. मला फक्त तो फायलींचा गठ्ठा दिसत होता. मी तोच लॅपटॉप घेतला.

घरी मुलीने तो उघडला, दोन मिनिटांत आतली माहिती वाचली आणि म्हणाली, "बाबा, यात जागा कमी आहे ना रे?"

मी म्हणालो, "दुकानात विचारलं मी. पुरेशी आहे म्हणाले."

ते पहिले खोटे. बोलताना माझा आवाज जराही कापला नाही, याचे मला आजही भय वाटते.

त्यानंतरचे महिने मी धास्तीत काढले. ती लॅपटॉप सुरू करी तेव्हा पडद्यावर फिरत राहणाऱ्या त्या लहान वर्तुळाकडे मी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहत असे आणि ते थांबेपर्यंत चहाचा कप तोंडाला लावत नसे. एकावेळी एकच काम केले तर ते यंत्र चाले. टिपणे लिहिणे, पत्रव्यवहार, एखादे व्याख्यान ऐकणे, इतके त्याच्याने होई. दुसरी खिडकी उघडली की ते गुदमरे. मुलगी कुरकुरली नाही. उलट मैत्रिणींना सांगे, आमचा लॅपटॉप सरकारी आहे, एका वेळी एकच अर्ज घेतो. सगळ्या हसत. मीही हसे, आणि कोणी मला काही विचारण्याआधी उठून स्वयंपाकघरात जाई.

त्या वर्षी एका नामांकित संस्थेच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी तिने अर्ज केला. परीक्षा घरूनच द्यायची होती, कॅमेरा सुरू ठेवून, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. दहा वाजून पंधरा मिनिटांनी दार बंद होणार, त्यानंतर प्रवेश नाही, अशी सूचना होती. आठवड्यापूर्वी तिने चाचणी घेतली होती. यंत्र अडखळले, पण चालले.

आमच्या घरी खंडेनवमीला कामाच्या सगळ्या वस्तू पूजेला मांडतात. शिवणयंत्र, मिक्सर, माझी पक्कड आणि स्क्रू-ड्रायव्हर, पुस्तके, आणि त्या वर्षी पहिल्यांदा लॅपटॉप. पत्नीने तो पाटावर उघडा ठेवला, झेंडूचे फूल वाहिले आणि कळांवर हळद-कुंकवाची चिमूट सोडली. एकदा मांडलेली वस्तू दसरा उलटेपर्यंत हातात घ्यायची नाही, ही तिच्या माहेरची रीत. मुलीने जराशी चुळबुळ केली आणि मग मान्य केले. मला दुकानातल्या बाईंचे शब्द आठवले, दोन-तीन दिवस बंद ठेवू नका. ते सांगायला तोंड उघडले आणि मिटले. सांगितले असते तर, तुला हे कसे माहीत, असा प्रश्न आला असता.

परीक्षेच्या सकाळी साडेनऊला तिने यंत्र सुरू केले. पडदा निळा झाला. अपडेट चालू आहे, बंद करू नका. आकडा तीसवर आला आणि तिथेच थांबला. पावणेदहा झाले. आकडा हलेना. मुलीने शेजाऱ्यांना, मैत्रिणींना फोन केले, कोणाचा लॅपटॉप मिळतो का ते पाहिले. शेजारच्यांनी दिला, पण परीक्षेचे सॉफ्टवेअर तिच्या नावाने याच यंत्रावर नोंदलेले होते, दुसऱ्यावर ते उघडेना. दहा वाजून सोळा मिनिटांनी ती खुर्चीतून उठली. रडली नाही. मला तिच्या रडण्याची भीती वाटत होती, पण ते न रडणे त्याहून वाईट होते.

मग तिची नजर कळांवर गेली. दोन कळांच्या फटीत लाल कण दिसत होते.

"आई, तू यात कुंकू टाकलंस?"

पत्नी दारात उभी होती. ती पुढे येऊन पदराने ते कण टिपू लागली. टिपताना ते आणखी आत जात होते. मी दोन पावलांवर उभा होतो. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होते.

दुरुस्तीला मी तो घाटकोपरला नेला नाही. त्या बाई मुलीसमोर, नाहीतर फोनवर, सगळे सांगतील या भीतीने मी साकीनाक्याला गेलो. यंत्रशाळांच्या गल्लीत एक वयस्क कारागीर बसत. त्यांनी मागचे झाकण उघडले आणि चष्मा कपाळावर सरकवून मला आत पाहायला लावले. कुंकवाने काही झाले का, असे मी विचारले. मला वाटते, ते हो म्हणावेत अशी माझी इच्छा होती. ते हसले. म्हणाले, "साहेब, चिमूटभर कुंकवाने कधी काही मरतं का? हा पोट भरून मेलाय. जागाच नाही आत."

घरी येऊन मी म्हणालो, धूळ होती, थोडे कुंकूही होते, साफ करून दिले. ते दुसरे खोटे, आणि पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे.

संस्थेने पुन्हा परीक्षा घेतली नाही. मुलगी अंधेरीच्या एका विमा कार्यालयात कामाला लागली. माझी नोकरी मात्र टिकली, ज्या भीतीपोटी हे सारे केले ती भीती खरी झालीच नाही. काही आठवडे मुलगी आईशी कामापुरते बोलत असे. पुढे राग निवळला आणि त्याची थट्टा झाली. फोन चार्जिंगला लावला की ती म्हणे, "आई, लांब हो गं, तुझा हात लागेल." पत्नीही हसे. पण पुढच्या खंडेनवमीला तिने वस्तू मांडल्या तेव्हा फक्त फूल ठेवले, तेही हातभर अंतरावर, आणि माझ्याकडे वळून विचारले, "इथपर्यंत चालेल ना हो?" मी चालेल म्हणालो. घाटकोपरच्या त्या रस्त्याने जायचे मी तेव्हापासून टाळतो. दुकानातल्या बाई दिसल्या तर त्या ओळखतील, एवढीच कल्पना पुरे होते.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी पत्नीच्या भावाची मुलगी दहिसरहून आली. तिला कॉलेजात प्रवेश मिळाला होता. तिने फोनवर एका लॅपटॉपचे चित्र दाखवले. रंग वेगळा, कंपनी वेगळी, पण जात तीच. सेल त्याच संध्याकाळी संपत होता. तिने विचारले, एवढ्या स्वस्तात घ्यावा का?

मी फोन हातात घेऊन आकडे वाचले. तेवढीच जागा.

पत्नी म्हणाली, "घे की. आमचाही चांगलाच होता गं. मीच वाट लावली त्याची."

"फक्त दसऱ्याला आईला बोलवू नकोस," आमची मुलगी म्हणाली, आणि तिघी हसल्या.

चार वर्षे मी ज्या क्षणाला घाबरत होतो तो असा भर दुपारी, हसण्याच्या आवाजात आला. गप्प राहिलो असतो तर आणखी एका मुलीची एखादी सकाळ त्या निळ्या पडद्यासमोर गेली असती, आणि तिच्याही घरात कोणावर तरी दोष आला असता. मी फोन परत केला. भाचीला म्हणालो, हा घेऊ नकोस. घरातल्या वडीलधाऱ्यांना पत्रे वाचायला, बिले भरायला असा लॅपटॉप ठीक आहे. ज्याच्यावर कोणाचे वर्ष अवलंबून आहे तिथे नाही. त्याच पैशांत वापरलेला पण दणकट मिळतो, तो पाहू, मी येतो तुझ्याबरोबर.

"काका, पण आत्या तर म्हणते चांगला होता."

मी पत्नीकडे पाहिले.

"तो चांगला नव्हता. दुकानातल्या बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, कामाचा नाही म्हणून. जागा पुरत नाही, बंद ठेवू नका, सगळं सांगितलं होतं. मी ऐकलं आणि तरीही घेतला. साकीनाक्यालाही तेच कळलं."

पत्नीने हातातली बशी खाली ठेवली. मग तिने विचारले, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही," मी म्हणालो. "तुझ्यामुळे काहीच झालं नव्हतं. नोकरी जाईल म्हणून घाबरलो आणि स्वस्तातला घेतला. नंतर तुम्हाला कळेल म्हणून घाबरलो आणि तुला बोल लागू दिला. पोरीचं वर्ष माझ्यामुळे गेलं. मला माफ कर. तूही माफ कर मला, बाळ. हे मी त्याच सकाळी बोलायला हवं होतं."