माझ्या नंबराचा शिरा

चुका माफ कराव्या. मी चौथीपर्यंतच शिकले आणि आता उजवा हात थरथरतो, म्हणून अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण चुकून कुणाच्या हाती लागलं, तर ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नये.

आमच्या गावाजवळच्या गोरेगावच्या बाजारातून येताना जीप उलटली. बाकीच्यांना खरचटलं. माझं डोकं दगडावर आपटलं. नांदेडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, त्यातलं मला काही आठवत नाही. घरी आले तेव्हा शब्द जागेवर नव्हते. मागायचं असायचं पाणी आणि तोंडातून निघायचं चूल. भाजीत मीठ टाकलं की नाही हे चाखूनही कळायचं नाही. लग्नाचा बँड वाजला की डोक्यात घण पडायचे. मुळात मी लाजरी, चारचौघांत तोंड न उघडणारी. त्यात हे. बायका माझ्यासमोरच म्हणायच्या, "डोकं गेलं बिचारीचं." मी भिंत असल्यासारखी.

आमच्या गल्लीत बायकांची भिशी आहे. दर महिन्याला प्रत्येकीने पैसे टाकायचे, तांब्यातून चिठ्ठी काढायची, जिची निघेल तिला सगळे मिळतात. पैसे माझी थोरली जाऊ गोळा करते. आणि रीत अशी की जिचा नंबर लागला, तिने त्याच दिवशी सगळ्यांना घरी बोलावून शिरा खाऊ घालायचा.

थोडं बोलता यायला लागल्यावर मी जावेला विचारलं, माझी भिशी कुठं आहे? तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, जिथे केस अजून उगवले नव्हते तिथेच.

"अगं, तू तर जीप उलटायच्या आधीच उचलली. याद न्हाई का तुला? कुठं ठिवली आसशील घरात."

मी घर उलथंपालथं केलं. पेटी, डाळीचा डबा, गोधड्यांची घडी. पैसे सापडले नाहीत, याचं दुःख कमीच. पण एवढी रक्कम हातात घेतली आणि आठवत नाही, म्हणजे डोकं खरंच गेलं. कितीतरी दिवस मी स्वतःलाच घाबरून राहिले. चूल पेटवायलाही भ्यायची.

एकदा शेजारची म्हातारी कढी घेऊन आली. तिला सहज विचारलं, "आजी, माझ्या नंबराला शिरा कसा झाला होता?"

"कोनता शिरा? तुझा नंबर शेवटचा राहिला व्हता. तवा तू नांदेडात पडून व्हतीस. तुझी जाऊ म्हनली, तुझे पैसे दवाखान्यात भरले."

मी ह्यांना विचारलं. दवाखान्याचे पैसे ह्यांनी बैल विकून भरले होते, भावजयीकडून एक रुपया आला नव्हता. हे म्हणाले, "जाऊ दे. वहिनी हाय. घरात तमाशा नको."

मी नाही जाऊ दिलं. तिने मला एक सांगितलं आणि गल्लीला दुसरं, कारण तिला खात्री होती की मी विचारणार नाही आणि विचारलं तरी मला कोण खरं मानणार. पैसा तर घेतलाच, वर मला वेडी ठरवलं.

डॉक्टरांनी रोज मोठ्याने बोलायला सांगितलं होतं. मी कंटाळा करायची. त्या दिवसापासून एक दिवस चुकवला नाही. गोठ्यात शेळीसमोर बसून एकच वाक्य म्हणायची. शब्द अडखळला की परत पहिल्यापासून. शेळी रवंथ करत ऐकायची. भेटायला येणारे म्हणतात, देवानं तुला उभं केलं. मी मान हलवते. मला उभं केलं रागाने. सकाळी डोळे उघडले की जावेचं तोंड आठवायचं आणि अंगात ताकद यायची.

पुढच्या भिशीला मी गेले. जाऊ नोटा मोजत होती. सगळ्या बायका आल्यावर मी बोलले, एकही शब्द न अडखळता.

"जाऊबाई, मला याद येत न्हाई. माझा नंबर लागला तवा शिरा गोड झाला होता का?"

नोटांवरची नजर न काढता ती म्हणाली, "झाला व्हता की. लई तूप घातलं व्हतं तू."

म्हातारी हसली. "काहून गं? आमाला कसा न्हाई दिला? एकटीनंच खाल्ला का?"

दुसरी म्हणाली, "तुमी तर म्हनल्या पैसे दवाखान्यात भरले. मग शिरा कवा झाला?"

जावेचा अंगठा नोटेवर तसाच राहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. इतकं गोड काही मी अजून खाल्लेलं नाही.

कबूल तर झाली. पण द्यायचं नाव नाही. सोयाबीन विकलं की देते, म्हणाली. सोयाबीन विकलं, थोडे दिले आणि गप्प झाली. मग मी तिच्या ओट्यावर जाऊन बसायला लागले. बोलायची नाही, नुसती बसायची. तिच्याकडे कोणी आलं की हटकून. येणारा विचारायचा, "बाई, काहून बसल्या?" मी म्हणायची, "जाऊबाईंला विचारा." एवढं ऐकलं की ती आतून थोडे आणून द्यायची.

तिच्या मुलीला बघायला साखऱ्याहून पाहुणे आले, त्या दिवशी हे मला म्हणाले, "आज तरी नको. लेकराचं लग्न हाय." पोरगी गुणाची आहे, माझ्या आजारपणात तिने माझी वेणी घातली आहे. तरी मी धुवट लुगडं नेसले आणि जाऊन बसले. पाहुण्यांनी चपला काढता काढता माझ्याकडे बघितलं.

जावेने मला मागच्या दाराने आत ओढलं. डब्यातून पैसे काढून हातावर आपटले. "घे. आन् जा आता, तुझ्या पाया पडते."

मी गेले नाही. मला मोजायला वेळ लागतो, मध्येच आकडा निसटतो. बाहेर चहा थांबला होता, पोरगी पोह्यांचं ताट घेऊन उभी होती. मी जावेला समोर उभं ठेवून सावकाश मोजले, आकडा निसटला तेव्हा परत मोजले. सगळे पूर्ण भरले.