प्रत्येक चहामागे एक डोळा

माझ्या हातून दहापैकी सहाच्या वर मार्क कधी कुणाला मिळाले नाहीत. पेणच्या एका शाळेत मी तीसेक वर्षं चित्रकला शिकवली आणि या एका गोष्टीवरून पालकांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे माझ्याशी भांडून दमले. माझी मुलगी माझ्याच वर्गात होती. तिलाही सहाच. 'म्हणून तर मी सायन्सला गेले,' असं ती अजूनही चारचौघांत सांगते आणि मी ऐकू न आल्यासारखं करतो.

शाळेची नोकरी पोटासाठी होती. माझं खरं काम हमरापूरला, चुलतभावाच्या गणपतीच्या कारखान्यात. तिथे मी डोळे आखतो. मूर्तीचं सगळं रंगकाम झालं, पितांबर झालं, दागिने झाले की शेवटी माझ्यापुढे पाट येतो. वरच्या पापणीची काळी रेघ एका दमात काढायची असते. मध्ये थांबलात की जोड दिसतो. चुकलेली रेघ पुसता येते, पण पुसलेला डोळा मला दुरूनही ओळखू येतो. गेली कितीतरी वर्षं त्या कारखान्यातून बाहेर पडलेला प्रत्येक गणपती आधी माझ्याकडे बघून मग गिऱ्हाइकाकडे बघायचा.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी माझ्या हातातली कपबशी वाजायला लागली. बायकोने काही न बोलता मला स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला सुरुवात केली. मग माघी गणपतीच्या आखणीला बसलो आणि एका सकाळी तीन डोळे पुसावे लागले. चुलतभाऊ माझ्याहून लहान. तो हळूच म्हणाला, "दादा, थंडी हाय ना, होतो हात असा."

माघात पेणला कसली थंडी? रामवाडीच्या घरी पोचेपर्यंत मी स्कूटरच्या हँडलवरच्या उजव्या हाताकडे बघत होतो. मला भीती वाटली. डोळे आखता आले नाहीत तर मी फक्त पेन्शन घेणारा एक म्हातारा होतो, आणि तसले म्हातारे आमच्या गल्लीत आधीच पुष्कळ होते.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काही गंभीर निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, "सर, दिवसाला चहा किती?"

"तीन-चार."

"अकरा," शेजारून बायको म्हणाली.

डॉक्टरांच्या मते थोडं वय होतं, थोडी धास्ती होती आणि बाकी तो उकळलेला चहा होता. तो बंद करायचा. राहवत नसेल तर हलका, पानांचा, बिनदुधाचा, दिवसातून तीन कप. आषाढ लागला की पुन्हा बघू, म्हणाले. हमरापूरला खरी आखणी आषाढातच असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी मात्र तेव्हापासून आषाढच मोजत होतो.

आमच्या घरच्या चहाबद्दल थोडं सांगायला हवं. बायको खांब गावची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या माहेरी चहा म्हणजे भातलावणीवरून आलेल्या माणसाला पुन्हा उभं करणारी वस्तू. आधणात आलं, पावडर, साखर, मग दूध आणि तीन वेळा वर येऊ द्यायचा. त्या चहाला रंग असतो, अंग असतं. त्याच्या जोरावर मी सहावी 'ब'ला सुद्धा तोंड दिलं आहे.

मुलगी रोह्याला असते. एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला आहे, जावई त्याच कंपनीत शिफ्टला. डॉक्टरांचं तिला कळलं आणि पुढच्या शनिवारी ती आठ डबे घेऊन पेणला हजर. प्रत्येक डब्यात सुट्ट्या पानांचा वेगळ्या वासाचा चहा. मोगरा, गुलाब, संत्र्याची साल, पुदिना, व्हॅनिला, केशर-वेलची, लिंबू, आणि एक लाकडाच्या धुरावर वाळवलेला. ती अंघोळीला गेली तेवढ्यात बायकोने प्रेमाने मोगऱ्याचा डबा उघडला आणि नेहमीसारखं आलं, साखर, दूध घालून तीन वेळा वर आणला. लग्नाच्या पंगतीत कुणाचा तरी गजरा चहाच्या पातेल्यात पडावा, तशी चव होती. आम्ही दोघांनी तो संपवला आणि मुलगी बाहेर यायच्या आत पातेलं घासून ठेवलं.

तिला वासावरून कळलंच. तिने डबे परत नेले आणि कारभार स्वतःच्या हाती घेतला. दर रविवारी आम्ही दोघांनी रोह्याला यायचं आणि तिच्यासमोर चहा प्यायचा.

रविवारी सकाळची एसटी धरायची, नागोठण्यावरून रोहा. घरी पोचलो की ओट्यावर सगळी तयारी असायची. छोट्या काट्यावर दोन ग्रॅम पानं मोजायची. पाणी उकळू द्यायचं नाही, बुडबुडे धरले की गॅस बंद. फोनवर वेळ लावायची, हिरव्याला दोन मिनिटं, काळ्याला चार. मग सारख्या आकाराचे तीन काचेचे ग्लास. "लॅबमध्ये असंच करतो," असं ती म्हणायची, आणि आम्ही दोघं नमुन्यांसारखे गप्प बसून राहायचो.

माझ्याकडचीच एक चित्रकलेची वही तिने घेतली होती. एका पानावर एक चहा. वर नाव, मग रंग, वास, चव, प्रत्येकाचं मत, आणि माझे दहापैकी मार्क. खालचं अर्धं पान कोरं ठेवायचं. चहा पिऊन अर्धा तास झाला की ती माझ्यापुढे काळा रंग आणि बारीक ब्रश ठेवायची. "एक डोळा काढा, बाबा." म्हणजे कुठल्या चहानंतर हात किती स्थिर, हे तिला पडताळून बघायचं होतं. पोरगी माझ्यावर प्रयोग करतेय याचा मला राग यायचा. पण ती त्या कोऱ्या जागेत तारीख घालायची तेव्हा तिचं तोंड इतकं गंभीर असायचं की मी मुकाट्याने ब्रश उचलायचो.

चव सांगण्यात बायको आम्हा दोघांच्या पुढे निघाली. मी आपला 'बरा आहे', 'अळणी आहे' एवढ्यावर अडकायचो. मुलीने तुलनेसाठी ठेवलेला बिनवासाचा हिरवा चहा तिने तोंडात घेतला आणि म्हणाली, "वाल भिजत घातल्याचं पाणी हाय हे." पुन्हा चाखून बघितला तर खरंच, मोड आलेल्या कडव्या वालाचा तो कच्चा हिरवा वास. गुलाबाला ती म्हणाली, "वास पुढं येतो, चव मागं राहाते." धुराच्या चहाला मी तोंड वाकडं केलं, पण तिने डोळे मिटले. "पोपटीचं मडकं उघडलं का असाच वास येतो. माज्या आईच्या शेतावरचा." शेतात मडक्यात भाजलेल्या शेंगांची ती पोपटी आठवत तिने तो ग्लास सावकाश संपवला आणि वर माझाही घेतला. व्हॅनिलाला ती म्हणाली, "यो चहा नाय, बिस्किट हाय." मुलगी हे सगळं शब्दाला शब्द लिहून घ्यायची.

केशर-वेलचीचा मला मनापासून आवडला. मी त्याला सहा दिले. संत्र्याचा पहिल्या घोटाला छान लागतो, गार झाला की औषधासारखा होतो, म्हणून साडेचार. पुदिन्याला तीन. "चहाला तरी सात द्या कधी," मुलगी म्हणायची. दुपारी वालाचं बिरडं-भात जेवायचं, कुंडलिका नदीकडून येणाऱ्या वाऱ्यात तास दीड तास आडवं व्हायचं आणि संध्याकाळच्या गाडीने पेण. खरं सांगायचं तर त्या रविवारांसारखे सुखाचे दिवस मला नोकरीत असताना मिळाले नव्हते. मुलीच्या लग्नानंतर आम्ही तिघं एवढा वेळ एका टेबलाशी बसलोच नव्हतो.

पण वहीतले डोळे सुधारत नव्हते. पेल्यातला चहा आता सांडत नव्हता, सही सरळ येत होती, मात्र डोळा काढायला बसलो की रेघ पापणीच्या मध्यावर हटकून थरथरायची. मी ब्रश टेकवायच्या आधीच हाताकडे बघत असायचो. आता हलेल, आता हलेल, आणि तो हलायचा. सातव्या रविवारी मी वही मिटली आणि म्हणालो, "पुरे झाली ही थेरं." मुलीने वही पुन्हा उघडली, तारीख घातली आणि ब्रश धुवायला गेली.

पुढच्या रविवारी बायकोला बरं नव्हतं, म्हणून मी एकटाच निघालो. पेणच्या स्टँडवर गाडीला अर्धा तास होता. टपरीवर आलं कुटल्याचा आवाज आला आणि मी ढळलो. एक घेतला. मग दुसरा घेतला. इतका खरा चहा मी तीन महिन्यांत प्यायलो नव्हतो. गाडीत बडीशेप चघळली, रोह्याला उतरल्यावर नळावर चूळ भरली आणि चोरासारखा मुलीच्या घरी शिरलो.

त्या दिवशी मोगऱ्याची पाळी होती. माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीत, हिला वास येऊ नये. ती समोर आली की मी खिडकीकडे तोंड करायचो. आईची तब्येत विचारली तर नाकाने उत्तर देत होतो. अर्ध्या तासाने तिने ब्रश पुढे केला तेव्हा लवकर उरकावं म्हणून मी डोळा काढून टाकला आणि बशीतलं बिस्किट उचललं. ती वहीकडे बघत उभी राहिली. मग मीही बघितलं. रेघ एका दमात गेली होती. कुठेही जोड नव्हता.

"मोगरा," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं नाही. एक तर वास आला असता, आणि दुसरं म्हणजे तिचं तोंड एवढं उजळलेलं होतं. स्टँडच्या चहाचं श्रेय मोगऱ्याला गेलं आणि मी ते जाऊ दिलं. मार्क विचारले तेव्हा घाबरून पाच म्हणालो.

आषाढ लागला. डॉक्टर 'सुधारणा आहे' म्हणाले. हमरापूरला जायच्या आदल्या दिवशी मुलगी पेणला आली, कामावर परतायच्या आधी पहाटे उठून मोगऱ्याचा चहा केला आणि थर्मास भरून माझ्या हातात दिला. "हाच प्यायचा, बाबा. दर तासाला थोडा." बायकोने वर देवाला हात जोडले. मला त्या थर्मासचं ओझं झालं. दोघींनी विश्वास ठेवला होता एका खोट्या पानावर. हात चालला नाही तर मोगऱ्याला दोष लागणार, आणि तो बिचारा निर्दोष.

कारखान्यात बाहेर पाऊस आणि आत रंग वाळवायला लावलेले दिवे. चुलतभावाने पाट मांडला, उजवीकडे रंग, डावीकडे ब्रश धुवायच्या पाण्याचा ग्लास. त्याला माझ्या मुलीचा फोन आलेला होताच. त्याने पाण्याच्या शेजारी तसल्याच काचेच्या ग्लासात मोगरा ओतून ठेवला. "ताईनं बजावलंय, दादा. लक्ष ठेव म्हणाली."

मी सुरुवात केली. डोक्यात एकच चाललं होतं, मुलीला सांगायचं कसं? फोनवर सांगावं की घरी गेल्यावर? आधी बायकोला सांगावं का? बायको हसेल, पण मुलीने इतके रविवार काटा लावून पानं मोजली, ती काय म्हणेल? एक मूर्ती पुढे येत होती, एक मागे जात होती. वाक्य जुळवत होतो आणि मोडत होतो. 'त्या दिवशी स्टँडवर जरा थांबलो होतो.' नको. 'मोगरा चांगलाच आहे, पण.' तेही नको.

"दादा," चुलतभाऊ म्हणाला. "बरश चहात बुडवतायसा."

बघितलं तर खरंच. पाण्याचा ग्लास स्वच्छ होता आणि मोगरा काळा झाला होता. दुधाच्या चहात असं कधी झालं नसतं, तो चहा म्हणून दिसतो तरी. कारखान्यातल्या बाया हसल्या, मीही हसलो. मग मागे वळून बघितलं. भिंतीशी तेवीस गणपती बसले होते आणि तेवीसही माझ्याकडे बघत होते. मी उठून एकेकापाशी गेलो, चष्मा कपाळावर घेऊन बघितलं. एकही डोळा पुसलेला नव्हता. सकाळपासून मी माझ्या हाताकडे एकदाही बघितलं नव्हतं.

माझे डोळे भरून आले. ते लपवायला बाहेर पडवीत आलो आणि मुलीला फोन लावला.

"किती झाले?" तिने विचारलं.

"तेवीस. पण चहा नाही प्यायलो. ब्रश धुतला त्यात." मग एका दमात सांगून टाकलं. स्टँड, टपरी, दोन कप, बडीशेप.

"माहितेय," ती म्हणाली. "तुम्ही दारात आलात तेव्हाच आल्याचा वास आला. वहीत त्याच पानावर खाली लिहिलंय. येताना उकळलेला, बहुतेक एक."

"दोन," मी म्हणालो. "मग मोगराच का दिलास?"

पलीकडे लॅबमधल्या मशीनचा आवाज येत होता. "काहीतरी लपवायचं असलं की तुम्ही हाताकडे बघत नाही, बाबा. त्या दिवशी बघितलं मी. आता थर्मास दिला की दिवसभर तेच मनात घेऊन बसाल, असं वाटलं. दुसरं काही सुचलं नाही मला."

मी पडवीतून वळून आतल्या तेवीस मूर्तींकडे बघितलं.

"ऐकताय ना?" तिने विचारलं. "आजचं पान भरायचंय. मोगरा, चव काय लिहू?"

"चव माहीत नाही, असं लिही."

"आणि मार्क?"

"नऊ," मी म्हणालो. "चहाला नाही. खाली तुझं नाव लिही आणि त्याच्यापुढे नऊ लिही."

आत चुलतभावाने चोविसावी मूर्ती पाटावर ठेवली होती.