आस्तेमामांची मोजणी

आस्तेमामा पाण्याला घाबरायचे, आणि ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. शंभराव्या प्रयोगालाही विंगेत उभं असताना ज्याचे हात गार पडतात असा एखादा नट असतो ना, अगदी तसे. पस्तीस वर्षं होडी चालवून झाली, तरी सकाळी धक्क्यावरून होडीत पहिला पाय टाकताना ओठ पुटपुटायचे. इंजिन सुरू करताना "आस्ते", होडी वळवताना "आस्ते", शेजारून दुसऱ्याची होडी गेली तरी "अरे ए, आस्ते!" त्यामुळे खरं नाव लोक केव्हाच विसरले होते.

"ज्याला समुद्राची भीती नाही, त्याच्या होडीत बसू नये," असं ते प्रवाशांना बजावायचे. प्रवासी हसायचे. मामा हसायचे नाहीत.

मोजायची एक रीतही त्यांना या भीतीनेच शिकवली होती. पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन हिंडणारी पोरंपोरी यायची. सगळी उन्हाने भाजलेली, सगळ्यांना काळे चष्मे, सगळ्यांचे केस ओले. तोंडं मोजायला जावं तर एखादा उठून पलीकडे बसायचा आणि दोनदा मोजला जायचा. चपला मात्र गप पडून राहतात. म्हणून होडीत अनवाणी बसायचं आणि अनवाणीच उतरायचं, हा मामांचा कायदा. मामी धक्क्यावरून एकेक जोड प्लास्टिकच्या क्रेटमध्ये टाकायची आणि आकडा ओरडायची. परतताना जो तो आपापली जोडी उचलून मांडीवर घ्यायचा. क्रेट रिकामा झाला की सगळे आले. इतक्या वर्षांत ही रीत एकदाही फसली नव्हती.

त्या दिवशी सात जण आले. मित्रमैत्रिणींचा घोळका, रात्रभर बसमध्ये अवघडून आलेला. चौघं मामांच्या होडीत बसले, तिघं मामांच्या मेव्हण्याच्या.

"चार जोड!" मामी ओरडली.

"दाजी, तुम्ही निघा आधी," मेव्हणा म्हणाला. "तुम्ही पोचेपर्यंत माझी एक झोप होते."

जायचं होतं अर्ध्या तासावरच्या वाळूच्या पट्ट्यावर. समुद्राच्या मधोमध पांढरी वाळू, झाड नाही की सावली नाही, टोकाला तेवढे चार-पाच खडक. ओहोटीला वर येणारा आणि भरती लागली की दीड तासात गडप होणारा असा तो पट्टा. मामा होडीच्या एका टोकाला पाठमोरे उभे राहून नांगर टाकत होते, तेव्हा त्यांच्या होडीतल्या एका मुलीने हळूच क्रेटमधून आपली चप्पल काढून पायात घातली. तिच्या टाचेला फोड आला होता. तिला सगळे छोटी म्हणत. वाळूत थोडं चालून ती खडकांपलीकडच्या सावलीत आडवी झाली, तोंडावर टोपी ठेवली, आणि तिचा डोळा लागला.

बाकीच्यांनी पाण्यात धुडगूस घातला. दुपार कलली तसा दक्षिणेकडून एक काळा ढग वर सरकला आणि मामा हात हलवत ओरडायला लागले.

"चला, चला! निघायचं!"

"आलं लगेच दाजींना कापरं," मेव्हणा हसला. पण वारा फिरलेला त्यालाही दिसला होता. जे तिघं आधी धावत आले त्यांना घेऊन तो निघालाच. मागून आणखी तिघं मामांच्या होडीत चढले. त्यांनी आपापल्या चपला उचलल्या.

"छोटी कुठंय?" एकाने विचारलं.

"गेली असेल पुढच्या होडीत. तिची मैत्रीण तिकडेच बसलीय ना."

मामांनी हे ऐकलं. त्यांनी क्रेटकडे पाहिलं. रिकामा. एकदा ढगाकडे पाहिलं आणि नांगर ओढला.

मेव्हण्याची पोरं धक्क्यावर केस पुसत उभी होती. मामांची होडी टेकली आणि दोन्हीकडून एकदमच प्रश्न आला, "छोटी तुमच्यात आहे ना?"

मामी पाण्याकडे बघत राहिली.

"दाजी, माझं इंजिन मोठं आहे, पण टाकी कोरडी आहे. तेल भरतो नि आलोच मागोमाग," मेव्हणा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. दोन मुलं होडीत उडी घ्यायला पुढे झाली. "नको, वजन होईल," एवढंच बोलून मामांनी होडी फिरवली.

इंजिन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण मोकळं सोडलं. होडी लाटांवर आपटत होती आणि प्रत्येक आपटीला मामांच्या तोंडून आईची हाक निघत होती. मुलांना घेऊन निघताना पट्टा उरला होता हातरुमालाएवढा, आणि त्याला आता तास होत आला होता. 'झोपेतच पाणी आलं असेल तर?' हा विचार आला तसा त्यांनी तो मान झटकून टाकला. तो परत आला.

वाळू नव्हतीच. जिथे ती असायला हवी होती, तिथे मातकट पाणी घुसळत होतं. मग खडकांच्या दिशेला काहीतरी नारिंगी हललं.

ती सगळ्यात उंच खडकावर उभी होती. पाणी कमरेला लागलेलं, लाट आली की छातीला. पाठीवरची नारिंगी पिशवी तिने पोटाशी कवटाळली होती. होडी जवळ न्यावी तर तळ फुटणार. मामांनी दोरीला बांधलेली हवेची ट्यूब फेकली. ती तिच्यापासून हातभर अंतरावर पडली.

"उडी मार! धर ती!"

"मामा, मला भीती वाटतेय!"

"मलापण वाटतेय! पिशवी टाक आणि उडी मार!"

पिशवी गेली. मग छोटीही दिसेनाशी झाली. मामा दोरी ओढत होते आणि दोरी हलकी लागत होती, फार हलकी. एकाएकी ती जड झाली. इतकं गोड ओझं त्यांनी कधी ओढलं नव्हतं.

धक्क्यावर मुलांनी तिला गच्च मिठीत घेतलं. एक जण मामांवर धावून आला. "मोजता येत नाही तुम्हाला?"

"अरे, चप्पल मीच घेतली रे, न सांगता," छोटी दात वाजत असतानाच म्हणाली.

"घेशील नाहीतर काय, पाय तुझा," मामा म्हणाले. "तो बरोबर बोलतोय. मी माणसं मोजली नाहीत. चपला मोजल्या."

मामीने छोटीला चादरीत गुंडाळून नेलं.

मामा होडीतच बसून राहिले. मेव्हणा येऊन शेजारी बसला. तेल भरून तो अर्ध्या वाटेपर्यंत आला होता आणि त्यांच्या मागोमागच परतला होता. बराच वेळ तो नखाने फळीवरचा रंग खरवडत राहिला.

"दाजी, एक सांगू? तुम्ही निदान चपला तरी मोजता."

"म्हणजे?"

"मी कधीच काही मोजलं नाही. बारा वर्षं. सगळे बसल्यासारखे वाटले की निघतो."

मामांनी त्याच्याकडे पाहिलं. अंगावरचे कपडे मघापासून ओलेच होते, पण थंडी त्यांना आता वाजायला लागली.