डुकरं हाकलणारा डबा

नवऱ्याचा हात पत्र्याच्या डब्याला चिकटला होता, सगळं अंग थरथरत होतं, आणि मी "धावा रे, धावा!" म्हणून बोंबलत होते. आमच्या एकोडी गावात, दसऱ्याच्या दिवशी, भरदुपारी. घरोघरी माणसं होती. एकही आलं नाही.

पलीकडून जाऊबाईचा आवाज मात्र आला, "सणाच्या दिवशीही लावला का वं डब्बा? बंद करा ना!"

डबा नवऱ्यानंच बनवलेला. साकोलीत त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मोबाईल आले, लोक दुरुस्ती सोडून नवंच घ्यायला लागले, तेव्हा दुकान बंद करून हा घरी बसला आणि मोडक्या सामानातून नव्या वस्तू काढायला लागला. आमच्याकडे धानात रानडुकरं शिरतात. त्यानं स्पीकर, बॅटरी आणि मोबाईलचं आवाज साठवायचं कार्ड जोडून थांबूनथांबून ओरडणारा डबा केला. तालुक्यात तसा आधी कोणी केला नव्हता. आधी त्यात वाघाची डरकाळी भरली. डुकरं दोन दिवस भ्याली, तिसऱ्या दिवशी डब्याशेजारीच चरली. मग माझा आवाज भरला, "धावा रे, धावा! हाकला मेल्यांना!" ती पुन्हा फिरकली नाहीत.

"वाघाले नाही भेत, तुमच्या घरवालीले भेतात," असं लोक त्याला तोंडावर म्हणत आणि डबा मागायलाही येत. प्रत्येक डबा तो अंगणात वाजवून तपासायचा. महिनाभर साऱ्या आळीनं माझी बोंब ऐकली होती.

दसऱ्याला अवजारं धुऊन पुजायची. मी विळे धुतले, फावडं धुतलं, नवऱ्याचे स्क्रू पिळायचे पेचकस धुतले आणि डबाही धुतला, चांगलं तांब्याभर पाणी ओतून. नवऱ्याला सांगितलं नाही. चार्जर डब्याच्या आतच होता. त्यानंही न विचारता पिन लावली आणि डब्याला हात घातला.

कोणी येत नाही हे कळल्यावर मी ओरडणं सोडलं. भिंतीवरचं बटण त्याच्या पाठीमागे होतं. करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे त्यानंच मला शिकवलं होतं. कोपऱ्यातलं मुसळ उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. तो एकीकडे पडला, डबा दुसरीकडे.

डोळे उघडल्यावर म्हणतो, "डब्बा जळला का?"

"तुमी जळले का ते पाहा पयले!"

तेवढ्यात जाऊबाई पिठाच्या हातांनी दारात आली. "खरंच तू होती का वं? मले वाटलं, डब्बा होय."

"डब्ब्याले कायले धाप लागन?"

साकोलीच्या डॉक्टरनं बोटांना मलम लावलं आणि सुजलेलं मनगट पाहून विचारलं, "हे करंटानं मोडलं?"

"नाही," नवरा म्हणाला, "बायकोनं."

डॉक्टरला इतकं हसू आलं की प्लास्टर दोनदा घालावं लागलं.

आता नवा डबा ओरडण्याआधी शिट्टी मारतो, म्हणजे आळीला फरक कळतो. पाणी घालू नये, असं त्यावर रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. लिहिलं मीच.

नवरा एक्याऐंशीचा आहे, मी अठ्ठ्याहत्तरची. दोघंही जिवंत आहोत.