भास्करभाऊंचं ‘म्हंजे’

माझ्या मराठीचं मराठीतच भाषांतर करणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला. अमडापूरच्या बाजूला छोट्या विमानांची एक धावपट्टी होती, वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठीची. ती लांबवायची होती, आणि शेजारच्या गावाशी बोलणी करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी पुण्याचा. मारुतीच्या देवळासमोरच्या मंडपात पहिली सभा भरली आणि मी कागद वाचून दाखवला, “विमानांची ध्वनिपातळी मर्यादेत ठेवण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करण्यात येईल.” हा काय म्हणतोय, असं लोक एकमेकांना विचारू लागले. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतले एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उठले, गावाकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “म्हंजे आवाज येईन. किती येईन, ते सायबाले बी मालूम नाही.”

मंडप हसला. मीही हसलो, कारण ते अगदी खरं होतं.

हे भास्करभाऊ. त्यांची सारी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली होती. खच्चून भरलेल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज निवृत्तीनंतर बिनकामाचा झाला होता. त्याला माझ्या सभांनी काम दिलं. दर सभेला ते माझ्या शेजारी उभे राहू लागले. भाषांतर दोन्ही बाजूंनी चाले. एकदा मागून कोणी तरी ओरडलं, “या इमानवाल्यायले गावात पाय ठेवू देऊ नका!” भास्करभाऊ माझ्या कानाशी वाकले. “म्हंजे तुमी त्याच्या घरी अजून चहाले गेले नाही.” मी दुसऱ्या दिवशी गेलो. त्या माणसाने विमानांना भरपूर शिव्या दिल्या आणि मला पोहे खायला घातले.

खरा प्रश्न आवाजाचा नव्हताच, पांदणीचा होता. गावातून शेतांकडे जाणारी ती कच्ची वाट धावपट्टीच्या टोकाशी यायची. शेजारच्या उंद्री गावातल्या शाळेत सायकलवरून जाणाऱ्या मुलीही तिथूनच जात. लांबवलेल्या धावपट्टीला कुंपण घातलं की ती वाट बंद होणार, आणि पोरींना ट्रकांच्या हमरस्त्याने लांबचा फेरा पडणार. हा प्रश्न निघाला त्या सभेला माझे वरिष्ठ आले होते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे.”

“म्हंजे काही होनार नाही,” भास्करभाऊंनी गावाला सांगितलं.

वरिष्ठ ताडकन उठले. “असं मी म्हटलेलं नाही!”

भास्करभाऊंनी हात जोडले. “मंग काय होनार ते सांगा ना सायेब. मी तसंच सांगतो. आमच्या पोरी जातीन कुठून?”

वरिष्ठांनी नकाशा पसरून धावपट्टीच्या टोकाशी बोट फिरवलं. मग म्हणाले, “कुंपणाच्या बाहेरून रस्ता देऊ.”

“याले भाषांतर नाही लागत,” म्हणून भास्करभाऊ खाली बसले.

मोजणी झाली. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला धावपट्टी. मधून रस्ता निघायला एकच जागा होती, आणि ती भास्करभाऊंच्या वावरात होती. नकाशा हातात आला तो सभेच्याच दिवशी. आधी त्यांना एकट्याला सांगावं म्हणून मी घरी गेलो, तर ते चिखलीला बाजाराला गेलेले. परतले ते थेट मंडपात. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “प्रस्तावित मार्ग एका खाजगी शेतजमिनीतून जातो. म्हणजे... तुमच्या, भाऊ.”

ते सवयीने गावाकडे वळले. “म्हंजे...” आवाज तिथेच अडला. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. “म्हंजे माह्या वावरातून.”

या वेळी कोणी हसलं नाही. बायकांच्या बाजूने इंदूकाकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचाच आवाज आला, “मंग गप काऊन झाले? सरकून बसा, सरकून बसा, म्हनत लोकायले जलमभर सरकवलं. आता आपन सरका थोडे!”

मंडप असा हसला की देवळावरची कबुतरं उडाली. भास्करभाऊही हसले, पण डोळे पुसत. त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं नाही. “मले इचार करू द्या,” एवढंच म्हणाले आणि वावराकडे निघून गेले. आठवड्याने माझ्याकडे आले. “इहीर आन् तिच्याजवळची मोसंबी सोडून रस्ता न्या. ती माह्या मायनं लावेल आहे. आन् पह्यले रस्ता, मंग तार.”

सरळ रस्त्याला मध्येच वळण कशाला, म्हणून आमचे इंजिनिअर कुरकुरले. मी त्यांना विहिरीपाशी नेलं, इंदूकाकूंनी मोसंबी सोलून दिली, आणि वळण मंजूर झालं. आधी रस्ता झाला, मगच तारेचं कुंपण. आवाज मात्र आलाच. वाढीव धावपट्टीवरून विमानं उडू लागल्यावरच्या पहिल्या सभेत भास्करभाऊंनीच तक्रार केली, “सायेब, तुमचं इमान माह्या म्हशीले पसंत नाही.” त्यावर पुढे सकाळची उड्डाणं धारा काढून झाल्यावर सुरू होऊ लागली.

माझी बदली झाली तेव्हा ते अमडापूरच्या स्टँडवर मला सोडायला आले. पिशवीभर मोसंबी माझ्या मांडीवर ठेवून खिडकीतून म्हणाले, “तिकडं गेले का नकाशा लगेच उघडू नका. पह्यले लोकायले इचारा, तुमी कुठून जाता, कुठून येता. तुमचं इमान त्याच्यानंतर.” गाडी हलली तरी ते हात हलवत उभे होते.

नव्या ठिकाणीही धावपट्टीचंच काम होतं. पहिल्या दिवशी नकाशाची गुंडाळी मी गाडीतच ठेवली. धावपट्टीलगतच्या पहिल्या घरात एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, “आजी, तुम्ही शेतात कुठून जाता?”

तिने मला एकदा नीट न्याहाळलं. मग सूप बाजूला सारलं, चपला घातल्या आणि म्हणाली, “चल, दाखवते.”